दुखत नाही

गेल्या माघातली गोष्ट. निपाणीपासून दहा-बारा किलोमीटरांवरच्या एका गावी, देवळाच्या सभामंडपात तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीचे शिबिर लावले होते. सकाळचे ऊन अजून फरशीपर्यंत आले नव्हते, आणि गावाबाहेरच्या रानांत पसरून वाळत घातलेल्या तंबाखूचा उग्र, किंचित गोडसर वास वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेबरोबर आत येत होता. अशा शिबिरांत माझे काम ठरलेले असते. नाव, वय, तंबाखूची सवय किती वर्षांची, हे वहीत लिहून घ्यायचे, डॉक्टरांपुढे पाठवण्याआधी बॅटरीच्या उजेडात तोंड एकदा नीट पाहायचे आणि जे दिसेल त्याची नोंद करायची. साठीच्या आसपासच्या एक बाई बराच वेळ खांबाला टेकून बसल्या होत्या. रांग संपत आली तशा त्या पुढे आल्या. अंगावर विटलेले इरकली लुगडे होते आणि पदराचे टोक दातांत घट्ट धरलेले होते. खुर्चीवर बसल्या, पण तोंड उघडेनात. मी दोनदा विनवले. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले, पदर जरासा सोडला आणि विचारले, “तुमचं कोण गेलं वो, बाई?”

“माझी आत्ती,” मी म्हणाले.

क्षणभर त्यांनी माझा चेहरा न्याहाळला, मग पदर खाली घेतला आणि तोंड उघडले. डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीला लागून, जिथे वर्षानुवर्षे मिश्रीचे बोट फिरत आले होते तिथे, अंगठ्याच्या नखाएवढा पांढरा चट्टा होता. चुन्याची निवळी वाळून भिंतीला चिकटावी तसा. त्याची एक कड लालसर होती. मी बॅटरी थोडी तिरकी धरून पुन्हा पाहिले. त्यांनी तोंड मिटले आणि माझ्या काहीही बोलण्याआधीच म्हणाल्या, “दुखत न्हाई.”

डॉक्टरांनी तपासून बेळगावला जाण्याची चिठ्ठी दिली, त्यांनी ती घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली, आणि शिबिर आटोपले. परतीच्या बसमध्ये मात्र मला स्वस्थ बसवेना. आत्ती गेली हे खरेच होते. त्या उत्तरामुळेच त्यांनी तोंड उघडले हेही खरे होते. तरीही आपण काहीतरी लपवले आहे, आत्तीचे मरण पुढे करून त्याच्या आडोशाला उभे राहिलो आहोत, असे वाटत राहिले. हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला असे नाही. जवळजवळ प्रत्येक गावात कोणी ना कोणी तो विचारते, कारण घरातले कोणी गेल्याशिवाय माणूस सुट्टीच्या दिवशी लोकांच्या तोंडात डोकावत फिरणार नाही, हे सगळ्यांना गृहीतच असते. मीही दर वेळी तेच दोन शब्द सांगत आले आहे. त्या दोन शब्दांपुढे जे आहे ते मी तोवर कोणालाच सांगितलेले नव्हते.

आत्ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांतच कपाळ पांढरे झाले आणि ती माहेरी परतली, ती कायमचीच. निपाणीतल्या तंबाखूच्या एका वखारीत तिने आयुष्याची पंचवीस-सव्वीस वर्षे काढली. शाळेला सुट्टी असली की तिचा डबा पोहोचवायला मी जात असे. उंच भिंतींची, वर पत्रे घातलेली ती लांबलचक इमारत, आणि आत ओळीने बसलेल्या बाया. वाळलेला पाला बडवायचा, चाळणीने चाळायचा, जाड-बारीक निवडून वेगळा करायचा, असे काम दिवसभर चाले. उन्हाची तिरीप आत येई तीत भुकटी अशी तरंगत असे की समोरची बाई धुक्यात बसल्यासारखी दिसे. नाकातोंडाला फडके बांधलेले, तरी सगळ्यांच्या भुवया आणि पापण्या पिवळट तपकिरी झालेल्या. नव्याने कामाला आलेल्या मुलींना पहिले काही दिवस चक्कर येई, उलट्या होत. दारात पाऊल टाकताच माझे डोळे चुरचुरत आणि शिंकांमागून शिंका सुरू होत. आत्ती हसत बाहेर येई, नळावर हात खसखसून धुई, पण त्या हातांनी मोडलेल्या भाकरीचा तुकडा तिने मला भरवला की जिभेवर कडू लागे. संध्याकाळी तिच्या पदराला, केसांना आणि अंथरुणालाही तोच वास असे. मला तो वास आवडत असे, हे इथे लिहिलेच पाहिजे. तो घरी आला म्हणजे आत्ती घरी आली, एवढेच मला कळत होते.

पहाटे तिचा पहिला उद्योग मिश्रीचा. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, चुरडून तिची पूड करायची आणि पत्र्याच्या डबीत भरून ठेवायची. चुलीपुढे उकिडवे बसून डाव्या हाताच्या तळव्यावर चिमूटभर पूड घ्यायची आणि उजव्या हाताची तर्जनी हिरड्यांवरून सावकाश फिरवत राहायची. त्या दहा-पंधरा मिनिटांत तिच्याशी कोणी बोललेले तिला खपत नसे. मिश्रीने पोट साफ होते, दाढ दुखत नाही, भूक मरते, अशी तिची कारणे होती, आणि शेवटचे कारण किती खरे होते हे मला फार उशिरा उमगले. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा उभ्या-बसल्या राबणाऱ्या आणि मधल्या वेळी एका भाकरीवर भागवणाऱ्या बाईला ती पंधरा मिनिटे हीच काय ती हक्काची होती. शिबिरात एखाद्या बाईला मिश्री सोडायला सांगताना ती चूल माझ्या डोळ्यांपुढे येते आणि माझा आवाज आपोआप खाली येतो. तरीही मी ते सांगते. सांगायलाच हवे.

तंबाखूशी आमच्या घराचे नाते नुसते वखारीचे नव्हते. वडिलांचे दीड एकर रान होते आणि त्यात तंबाखूच असे. शेंडे खुडून, फुटवे काढून आई घरी आली की तिच्या हातांवर काळा चिकट राप चढलेला असे, तो राखेने घासला तरी निघत नसे. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी निपाणीत आंदोलन झाले आणि शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळुरू महामार्गावर ठाण मांडले, तेव्हा मी दुसरीत होते. आईच्या बोटाला धरून वडिलांसाठी भाकरी घेऊन मी त्या रस्त्यावर गेले होते. एरवी जिथे पाऊल टाकायची भीती वाटे त्या डांबरावर माणसे घोंगडी टाकून बसली होती, कोणी भजन म्हणत होते. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, त्यात शेतकरी मेले. त्या रात्री वडील अनवाणी घरी आले आणि कितीतरी वेळ अंगणातच बसून राहिले. ज्या पिकाच्या दामासाठी आमच्या माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या, त्याच पिकाविरुद्ध मी आज गावोगाव बोलते. माझी टी.सी.एच.ची, म्हणजे शिक्षकी प्रशिक्षणाची, फी वखारीच्या मजुरीतून गेली आहे. मला शिक्षिका करण्यात ज्या पाल्याचा वाटा आहे त्याला शिव्या देणे मला कधीच सोपे गेले नाही, आणि ज्यांना ते सोपे जाते त्यांची भाषणे आमच्याकडे कोणी मनावर घेत नाही असा माझा अनुभव आहे.

आता ते जे पुढे आहे ते.

१९९८ सालची दिवाळी. नोकरी लागून मला दोनच वर्षे झाली होती, आणि घरात सर्वांत शिकलेली म्हणून कागदपत्र असो की औषधाची बाटली, सगळे माझ्यापुढे येत असे. पाडव्याच्या रात्री जेवणे उरकल्यावर आत्तीने मला मागच्या सोप्यात बोलावले, कोनाड्यातली बॅटरी माझ्या हातात दिली आणि गाल बोटाने बाहेर ओढून म्हणाली, “बघ ग जरा, चुन्यागत काय तरी लागतंय जिभंला.” मी पाहिले. पांढरा चट्टा होता, खरबरीत, मध्ये बारीक भेगा असलेला. बॅटरीचे सेल उतरत आले होते, उजेड पिवळा पडला होता, तरी चट्टा स्पष्ट दिसत होता. मी विचारले, “दुखतं का?” ती म्हणाली, “न्हाई.” मी बॅटरी बंद केली आणि म्हणाले, “दुखत नाही ना? मग काही नाही.”

हे वाक्य मी उच्चारले होते. पुढे एका डॉक्टरांनी उष्णतेमुळे झाले असेल म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, त्याचा राग मला पुष्कळ वर्षे पुरला, पण त्यांच्याकडे ती गेली तेव्हा पाच महिने उलटले होते, आणि ते पाच महिने माझ्या शब्दावर गेले होते. घरातली शिकलेली मुलगी काही नाही म्हणाली, म्हणून तिने ती गोष्ट मनातून काढून टाकली. नंतर भाकरी चावताना गाल झोंबू लागला, मग त्याच बाजूचा कान दुखू लागला, आणि जबड्याखाली गाठ हाताला लागली तेव्हा आम्ही तिला मिरजेला नेले. निम्मा जबडा काढावा लागला. विजेची किरणे दिली. त्यानंतरचे वर्षभर ती नाकातल्या नळीतून पेज आणि ताक घेऊन जगली. शेजारच्या घरी पहाटे मिश्री भाजली की भिंतीपलीकडून वास येई, आणि बोलता न येणारी आत्ती त्या वासाच्या दिशेने तोंड वळवून डोळे मिटून पडून राही. २००० सालच्या श्रावणात ती गेली. त्या पाडव्याच्या रात्रीविषयी तिने कधी काही सुचवले नाही. ती विसरली होती की माझ्यावर माया म्हणून गप्प होती, हे मला आजवर ठरवता आलेले नाही, आणि मीही तिच्यापाशी तो विषय काढला नाही.

कर्करोगाच्या बाबतीत माणसाचा घात होतो तो नेमका इथे. आपल्याला लहानपणापासून दुखण्यावरून दुखणे ओळखायची सवय असते. ‘दुखणे’ हा शब्दच आपण आजार या अर्थी वापरतो. दाढ ठणकली, पोटात कळ आली की माणूस कामधंदा टाकून धावतो, आणि न दुखणारी गोष्ट मात्र देवाच्या भरवशावर सोडतो. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवडे उलटूनही न भरणारी जखम, हळूहळू कमी उघडू लागलेले तोंड, यांतले काहीही सुरुवातीला बहुधा दुखत नाही. प्रत्येक पांढऱ्या चट्ट्याचा कर्करोग होतो असे मुळीच नाही. सवय सुटली तर कित्येक चट्टे मावळतात, हे मी बायांना आवर्जून सांगते. पण कोणता मावळेल आणि कोणता बळावेल हे बॅटरीच्या उजेडात मला किंवा कोणालाही ठरवता येत नाही, त्यासाठी तुकडा तपासावाच लागतो. आमच्या भागात निम्म्या गावांत मराठी आणि निम्म्या गावांत कन्नड बोलणाऱ्या बाया समोर येतात. एक म्हणते “दुखत न्हाई”, दुसरी म्हणते “नोवू इल्लरी”. दोघी अगदी सारख्याच सुरात म्हणतात, सुटका झाल्याच्या.

आत्ती गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी केरळातल्या एका अभ्यासाविषयी मला कळले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १३ पंचायतींत १९९६ साली तो सुरू झाला होता. त्यांतल्या ७ पंचायतींत कार्यकर्ते घरोघर गेले आणि उजेडात लोकांची तोंडे तपासून संशयितांना पुढे पाठवत राहिले. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, काय पाहायचे ते शिकवून तयार केलेले साधे पदवीधर होते. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्या लोकांत, जिथे तोंडे तपासली गेली त्या पंचायतींत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. म्हणजे १९९८ च्या त्या दिवाळीत, मी सोप्यात बॅटरी धरून उभी होते त्याच दिवसांत, माझ्यासारखीच शिकलेली माणसे केरळात कोणाच्या तरी घरी तशीच उजेड धरून उभी होती. त्यांनाही तेच दिसत होते जे मला दिसले. त्यांना पुढे काय म्हणायचे ते शिकवलेले होते, मला ते ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक नव्हते, हा दिलासा मी स्वतःला पुष्कळदा देऊन पाहिला आहे. तो दिवसा पुरतो.

या कामात मी काही ठरवून आले नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा एक वर्ग तपासणी शिबिरासाठी दिला होता आणि किल्ली माझ्याकडे म्हणून रविवार असूनही मी थांबले होते. गर्दी वाढली तशा तिथल्या दंतवैद्य बाई मला म्हणाल्या, “बॅटरी जरा धरता का, बाई?” मी धरली. पहिल्या चार-पाच जणांच्या वेळी माझा हात इतका थरथरत होता की त्यांनी मला खुर्ची आणून दिली, त्यांना वाटले मला रक्ताची किंवा जखमांची भीती वाटते. दुपारपर्यंत हात स्थिर झाला. पुढच्या शिबिराचा दिवस मी होऊन विचारला.

यातले बरेचसे काम तोंड पाहण्याचे नसते, पाहिल्यानंतरचे असते. चिठ्ठी दिलेल्यांपैकी किती जण दवाखान्यात पोहोचतात याची वही मी ठेवते, आणि ती वही पाहून पुष्कळदा मन खचते. कोणाची रानातली कामे, कोणाच्या नातीचे लग्न, कोणाला सोबत नाही. आमच्या भागात त्यात आणखी एक भर पडते. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव पाऊणशे. सोयरेधायरे कोल्हापूर-मिरजेकडे, तिथे बोललेले कळते, पण रेशनकार्ड कर्नाटकाचे, म्हणून सरकारी योजनेसाठी तोंड बेळगावकडे करायचे, आणि तिथले कागद कन्नडमध्ये. महाराष्ट्राने २०२३ साली आपली महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले, कर्नाटकाने त्यावर आक्षेप घेतला, वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरले. सीमेविषयी माझे मत इथल्या कोणत्याही मराठी माणसाचे असते तेच आहे. पण हातात कागदांची पिशवी घेऊन, कोणत्या खिडकीपुढे उभे राहायचे ते न कळून भांबावलेला म्हातारा दिसला की मी ते मत बाजूला ठेवते आणि त्याचा कन्नड अर्ज भरून देते. लहानपणी सक्तीची वाटलेली ती लिपी मला या कामासाठी फार उपयोगी पडली आहे.

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, कर्नाटकात २०१३ साली. पुढे पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत अशी विक्री सुरू झाली आणि मुले दोन्ही पुड्या तळहातावर एकत्र करू लागली. गेल्या वर्षी एका शिबिरात माझाच एक जुना विद्यार्थी समोर बसला. वय चोवीस. चौथीत कविता पाठ म्हणताना याचा आवाज सगळ्या वर्गाच्या वर चढत असे. तिखट झोंबते, एवढीच त्याची तक्रार होती. स्वतःची तीन बोटे उभी करून तोंडात घालायला सांगितली, तर दीड बोटापुढे तोंड उघडेना. सुपारीने गालाच्या आतली कातडी आवळत गेली होती. त्याने बोटे बाहेर काढली, रुमालाने पुसली आणि मान खाली घालून म्हणाला, “बाई, घरात सांगू नका.”

आता पुन्हा देवळातल्या त्या मावशींकडे. तीन आठवडे झाले तरी वहीत त्यांच्या नावापुढे काही लिहिले गेले नव्हते, म्हणून एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. त्या दारात बसून मिरच्यांची देठे खुडत होत्या. चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवली होती, हळदीकुंकवाची बोटे लागलेली. “दुखत न्हाई की, बाई. भाकरी खातो, च्या पितो. उगं कशाला?” मुलगा कागलच्या कारखान्यात, त्याला रजा मिळत नव्हती. सून दोन लहान मुलांत अडकलेली. मी म्हणाले, मंगळवारी मी रजा टाकते, आपण दोघी जाऊ. त्यांनी बराच वेळ मिरच्या खुडल्या, मग म्हणाल्या, “जाऊया.”

सकाळच्या बसने आम्ही निघालो. तवंदी घाट चढताना त्यांनी विचारले, “आत्ती काय काम करायची वो तुमची?” मी सांगितले, वखारीत होती. कोणत्या पेठेतली, कोणाची, असे विचारत त्यांनी वखार ओळखली. त्याही तरुणपणी तिथे दोन हंगाम होत्या. मग का कोण जाणे, पाडव्याची रात्र, उतरलेले सेल आणि मी उच्चारलेले वाक्य, सगळे मी त्यांना सांगितले. सावकाश, काहीही न गाळता. संकेश्वरच्या स्टँडवर बस थांबली, चहावाली पोरे खिडकीशी येऊन गेली, बस पुन्हा सुटली. त्या काही बोलल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलेही नाही. वंटमुरीचा घाट आला तेव्हा त्यांनी पिशवीतून मिश्रीची डबी काढली, झाकण उघडून आत पाहिले, पुन्हा लावले आणि डबी मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी धरून बसल्या. त्यांना माझ्याविषयी काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनात काकती येईपर्यंत होता.

दवाखान्यात पाऊण तास बाकावर बसावे लागले. आत तरुण डॉक्टरांनी चट्टा पाहिला, कन्नडमध्ये दोन वाक्ये सांगितली आणि तुकडा काढण्यासाठी शेजारच्या खोलीकडे बोट दाखवले. मी मावशींना समजावून सांगितले. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि मागे वळल्या.

“दुखंल काय वो, बाई?”

“होय,” मी म्हणाले. “सुई टोचताना दुखेल. तुकडा काढताना कळणार नाही. भूल उतरल्यावर दोन दिवस जेवताना दुखेल.”

त्यांनी मान हलवली, डबीसकट पिशवी माझ्या हातात दिली आणि आत गेल्या.